तुम्ही विचारलंत म्हणून: पंपाच्या चवीची सवय

“इतक्या वर्षांत त्या पंपाच्या चवीची सवय झाली असेल की तुम्हाला!” चटणी न्यायला येणाऱ्या दोन बायकांमागे एक तरी हे विचारते. कुणाच्या लेकराला नुकताच दम्याचा पंप लागलेला असतो, तोंडाशी नेला की ते रडतं. मी “होते हळूहळू” म्हणते आणि पिशवी हातात देते. ते खोटं आहे. मला अकरा वर्षं झाली, सवय झालेली नाही.

रोजचा पंप बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा, सकाळी दोन पफ, रात्री दोन. दाबला की गार फवारा टाळूवर बसतो आणि मागोमाग जिभेच्या मुळाशी कडवटपणा उतरतो. काढ्याचा कडूपणा गिळला की संपतो, हा चिकटून राहतो. वरून चहा प्यायला तर तोही पत्र्याच्या डब्यातला लागतो. “जीव मोठा की जीभ?” असं ऐकवणाऱ्यांना एवढंच सांगते, की माझ्या जिभेवर घर चालतं. फाल्गुन-चैत्रात कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी असतात. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, हे काट्यावर ठरतं. मीठ मात्र शेवटी चाखूनच, आणि कोल्हापुरात चटणी बिघडली तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

एका उन्हाळ्यात बारा किलोचा घाणा खारट गेला आणि परत आला. मला तो खारट लागलाच नव्हता. पंपामुळेच, असं आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तेव्हा मात्र माझी खात्री होती. पुढच्या वर्षी होळी झाली आणि मी रोजचा पंप बंद केला. कुणाला सांगितलं नाही. सकाळी बेसिनपाशी जाऊन चूळ तेवढी भरायची, घरात आवाज जावा म्हणून.

पहिले दिवस काहीच झालं नाही. या औषधाचं हेच आहे. ते श्वासनळीची सूज आतल्या आत दाबून ठेवतं, आणि सोडलं तर सूज लगेच सांगत येत नाही. मला वाटलं, बरी झाले.

चैत्रात लक्ष्मीपुरीतल्या एका डंकावर चाळीस किलोचं कांडप होतं. मिरचीचा खकाणा दरवर्षीचाच. तोंडाला ओला पदर बांधून बसले होते. ठसका आला आणि थांबलाच नाही. अचानक दम लागला तर घ्यायचा निळा पंप काढला, दोन पफ घेतले, मग आणखी दोन. श्वासच आत जात नव्हता, तर औषध कुठून जाणार? सगळं जिभेवर बसलं. जाऊ ओरडत होती, “आक्का, काय होतंय? बोल की!” मला “रिक्षा” हा शब्दसुद्धा एका दमात म्हणता येईना. “रि” म्हटलं, थांबले, मग “क्षा”.

दवाखान्यात नेब्युलायझरचा मास्क लावला. डॉक्टरांनी विचारलं, “रोजचा पंप चालू आहे ना?” मी मान डोलावली. ज्या माणसाच्या हातात त्या घडीला माझा श्वास होता, त्याच्याशी खोटं बोलले.

रात्री लेक घरून माझा पंप घेऊन आली. १२० पफांचा, होळीच्या आधी सहा दिवस तिनेच दुकानातून आणलेला. एव्हाना संपायला हवा होता. मागच्या छोट्या खिडकीत ९६ आकडा होता. तिने अंगठ्याने ती खिडकी पुसली आणि माझ्यासमोर धरली. चौदा वर्षांची होती. एक शब्द बोलली नाही.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून मला ती चव गोड लागली असेल. नाही लागली. उपयोग झाला तो स्पेसरचा, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याचा. पंप नुसता तोंडात मारला तर औषधाचा मोठा भाग तोंडात आणि घशातच बसतो. स्पेसर लावला की जाड थेंब नळकांड्यात राहतात. आधी पंप, मग दात घासायचे, उलट नको. गुळण्या करून पाणी थुंकून टाकायचं. ते चवीसाठीच असतं असं नाही, पंपातलं स्टेरॉइड तोंडात राहिलं तर पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. श्वासाबरोबर ओढायची पावडरवाली कॅप्सूलही घेऊन पाहिली. त्यात लॅक्टोज असतं, किंचित गोड लागते, पण माझा घसा खवखवला. तुमच्या लेकराला कदाचित तीच चालेल, डॉक्टरांना विचारा. फक्त त्याला “काही वाईट लागत नाही” असं सांगू नका. त्याला लागतंय.

मी त्या वेळच्या माझ्यावर अजून चिडते. डॉक्टरांना सांगायला काय झालं होतं? पण तिची बाजूही मला ऐकू येते. दम घेता येत नाही अशा माणसानं चवीची तक्रार घेऊन जायचं? तिला लाज वाटत होती. आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं, की बाई, तुझं काम काय. तिची चूक होती, तरी अडचण खोटी नव्हती. यापुढे माझं डोकं चालत नाही.

आता जाऊ म्हणते, “आक्का, तू बस, मीठ मी बघतो.” यंदाच्या पहिल्या घाण्याला मला मीठ कमी लागलं, तिला बरोबर. तिचं ऐकून तसाच भरला. तीस किलो गेली, एकही तक्रार नाही. त्यातली वाटीभर मी काढून ठेवलीय, रोज भाकरीबरोबर खाऊन बघते. मला अजून मीठ कमीच लागतंय.