तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राफिक्स कार्ड आणि प्रोग्राममध्ये कर्नल कशाला?

"सर, मशीन माझं, कार्ड माझं, मग मध्ये कर्नलची लुडबुड कशाला?" (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर सांभाळणारा.) दर बॅचला कुणीतरी विचारतंच, आणि माझा आवाज चढतो. त्याला कारण 1998 सालची एक रात्र.

लिनक्सवर एसव्हीजीएलिब ही चित्रं काढायची लायब्ररी वापरून गेम लिहीत होतो. ती लायब्ररी थेट कार्डाच्या पोर्टांवर लिहायची, म्हणून प्रोग्राम सेटयूआयडी रूट, म्हणजे कुणीही चालवला तरी सर्वाधिकारी 'रूट'च्या हक्काने चालणारा. दाबून धरलेली कळ कळावी म्हणून कीबोर्डही रॉ मोडमध्ये घेतलेला, म्हणजे कळांचे संकेत कर्नलने अर्थ न लावता थेट प्रोग्रामकडे. कार्डाच्या एका रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या कप्प्यात) चुकीचा आकडा गेला आणि पडदा काळा. प्रोग्राम रिट्रेसची, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र संपून पुन्हा वरून सुरू होण्याच्या क्षणाची, वाट बघत लूपमध्ये फिरत राहिला. कार्डाचं घड्याळच थांबलेलं, रिट्रेस येणार कुठून? कंट्रोल-आल्ट-डिलीटही चालेना. मशीन जिवंत होतं, डिस्कचा दिवा लुकलुकत होता. पण कार्ड कुठल्या मोडमध्ये (रिझोल्यूशन वगैरे) आहे हे कर्नलला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तो पूर्ववत काय करणार! दुसऱ्या मशीनवरून आत शिरावं तर नेटवर्कही नव्हतं. शेवटी बटण दाबलं. डिस्कवर ईएक्सटी2 फाइल सिस्टिम, अर्धवट बदल सावरायला जर्नल (बदलांची नोंदवही) वगैरे काही नाही. एफएससीकेला, म्हणजे फाइल सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामला, मुकाट्याने 'वाय' देत गेलो. रूम पार्टनरचा प्रोजेक्ट रिपोर्ट 'लॉस्ट+फाउंड' या बेवारस तुकड्यांच्या फोल्डरमध्ये तुकड्यातुकड्यांनी सापडला. त्याला सांगितलं, लाइट गेली होती. तो पहाटेपर्यंत पुन्हा टाइप करत बसला. खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.

दुसरा रस्ता तरी कुठे होता? पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हरसुद्धा रूट होऊन हेच करायचा. केजीआय प्रकल्पवाले कार्डाचा ताबा कर्नलकडे द्या म्हणत होते, तेव्हा मीच हसलो होतो: विंडोज एनटी 4 ने 1996 साली ग्राफिक्स कर्नलमध्ये कोंबलं, तसंच करायचंय का? लिनक्सच्या 2.6.29 मध्ये, 2009 साली, मोड बदलायचं काम इंटेलच्या कार्डांपुरतं कर्नलकडे गेलं, आणि मी गप्प झालो.

पूर्ण गप्प नाही हं. जीईएमचे, म्हणजे कर्नलमधल्या ग्राफिक्स मेमरी सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे, बफर (चित्रांचे मेमरीतले साठे) सुरुवातीला प्रोग्रामांमध्ये साध्या आकड्यांनी वाटले जायचे. परवानगी मिळालेल्या कुठल्याही प्रोग्रामने आकडा ओळखला की दुसऱ्याचं चित्र त्याच्या हाती. 2014 मध्ये रेंडर नोड (कार्डाकडे जाणारी, फक्त चितारण्यापुरती वेगळी दारं) सगळ्यांसाठी सुरू झाले आणि चितारण्याचा हक्क पडद्याच्या मालकीपासून सुटला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिकडे विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) बराच भाग कर्नलबाहेर काढला. म्हणजे माझं हसणं अगदीच चूक नव्हतं?

परवा वर्गातच जीपीयू (चित्रं काढणारी चिप) अडकला. कर्नलने रीसेट करून पाहिलं, जमलं नाही. "आता?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. मी बटण दाबलं.