बेळगावची फंक्शनल फिटनेस स्पर्धा: कुठं बसायचं आणि काय बघायचं

"वजनगट कंचा ओ हा?" शेजारी बसलेल्या पांढऱ्या टोपीच्या मामांनी विचारलं. नातू खेळणार म्हणून ते खानापूरहून पहाटे निघून आले होते. वजनगटच नाही, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी चुकीचं ऐकून आलोय. "म्हणजे ह्या काटकुळ्याला त्या रेड्याबरोबर लावलाय?"

लावला होता खरा. फंक्शनल फिटनेस म्हणजे वजन उचलणं, धावणं, पुल-अप असं सगळं मिसळून असलेला खेळ. त्यात गट पडतात पुरुष-महिला आणि वयाप्रमाणे. कुस्तीत किंवा वेटलिफ्टिंगमध्ये असतो तसा वजनकाटा इथं नसतो. साठ किलोचा पोरगा आणि नव्वद किलोचा गडी एकाच रांगेत. त्याची भरपाई बाकीच्या वर्कआउटमध्ये होते. पुल-अप, बर्पी (जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि उडी मारायची), धावणं आलं की नव्वदवाल्याला स्वतःचंच ओझं जड होतं. फक्त ताकदीच्या फेरीत त्याची चंगळ. याच धर्तीच्या क्रॉसफिट या व्यायामप्रकाराच्या पहिल्या स्पर्धा 2007 साली कॅलिफोर्नियात एका रँचवर झाल्या, तेव्हापासून ही गंमत आहे. तीन प्रकारांपैकी एक होता स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), खांद्यावरून प्रेस आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून ताठ उभं राहणं) यांच्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. दुसऱ्यात पाच किलोमीटर धावायचं होतं.

मी कागलचा. मावसबहीण निपाणीची, शाळेत पीटी शिकवते आणि पस्तिशीपुढच्या महिलांत खेळते. तिचा फोन आला, "दादा, बघायला ये, सामान धरायला कोणतरी पाहिजे." जानेवारीतला रविवार होता. निपाणीच्या स्टँडवर कर्नाटकाच्या बसमध्ये बसलो. तिनं आधारकार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्याचं तिकीट दिलं. मी पैसे मोजले. 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या हद्दीत साध्या बसचा प्रवास फुकट आहे. कोल्हापूरहून येणाऱ्या ताई-माईंना याचा उपयोग नाही, उगाच कंडक्टरशी वाद घालू नका. वंटमुरीच्या घाटात धुकं होतं आणि आमची ताई खिडकीला डोकं टेकून घोरत होती. स्पर्धेच्या दिवशी इतकी शांत झोप लागते याचं मला आजही नवल वाटतं.

स्पर्धा टिळकवाडीतल्या एका मैदानावर. रिक्षावाल्याला रेल्वेचं कितवं गेट ते सांगायचं, म्हणजे गोंधळ होत नाही. भाडं बसायच्या आधी ठरवा. हीटची, म्हणजे एका वेळी उतरणाऱ्या खेळाडूंच्या तुकडीची, यादी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येते, तिच्यावर फार विसंबू नका. आमची साडेनऊची हीट सव्वाअकराला लागली. सतरंजी, टोपी आणि पाणी घरूनच न्या. स्पीकरपासून लांब बसा. माझं रात्रीपर्यंत डोकं धरलं होतं. सूत्रसंचालक मराठी, कन्नड, हिंदी एकाच वाक्यात बोलत होता, पण आकडे सगळे इंग्रजीत, त्यामुळं कुणाचंच अडलं नाही.

आता मुख्य मुद्दा. ताकदीची फेरी समोरून बघू नका. सगळे समोर गर्दी करतात, कारण फोटो तिथून चांगले येतात. तिरकं, साधारण बाजूला बसा. बार, म्हणजे प्लेटा लावलेली दांडी, अंगाजवळून वर येतोय की लांबून वळसा घेतोय, ते तिथूनच दिसतं. लांबून गेला की समजायचं, पुढचं वजन अवघड. अपवाद डोक्यावर उचलायच्या प्रकाराचा: कोपरं पूर्ण सरळ झाली का, ते समोरून कळतं. आणि बारकडं बघून झालं की पंचाकडं बघा. त्यानं नो रेप, म्हणजे उचल नियमात बसली नाही, असा इशारा दिला तर उचललेलं वजन धरत नाहीत, मग माणूस कितीही ओरडो.

प्लेटांचे रंग पाठ करून ठेवा: लाल 25 किलो, निळी 20, पिवळी 15, हिरवी 10. बायकांचा बार 15 किलोचा, पुरुषांचा 20 चा. एवढ्यावर तुम्ही सूत्रसंचालकाच्या आधी बेरीज सांगू शकता. काळ्या प्लेटा आणि त्यावर पौंडाचे आकडे असतील तर मात्र डोकं शिणवू नका. 45 पौंडांची प्लेट वीस किलोहून किंचित जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

ताईच्या फेरीत सात मिनिटांत जास्तीत जास्त जड क्लीन करायचं होतं, म्हणजे जमिनीवरून बार खांद्यावर घेऊन ताठ उभं राहायचं. कितीही प्रयत्न करा. 60 सहज गेलं. 65 ला बैठकीतून उठताना जरा थांबली, पण उठली. घड्याळात दोन मिनिटं वीस सेकंद उरली होती. तिला 67.5 हवं होतं, म्हणजे दोन्हीकडं लाल प्लेट आणि तिच्याबाहेर सव्वा किलोची चकती. चकत्याच नव्हत्या. तीन लेनमध्ये मिळून एक जोडी, आणि ती पलीकडच्या बाईच्या बारवर. ताई गुडघ्यांवर हात टेकून त्या चकत्यांकडं बघत उभी राहिली. तळहातावरचा चॉक घामानं गोळा होऊन निघत होता. एक मिनिट उरल्यावर तिनं अडीचच्या चढवल्या. सरळ 70.

"पाय बघा," मामा म्हणाले. बार खांद्यावर आला. ती खाली बसली. डावी टाच उचलली गेली. "गेलं," मामा म्हणाले, आणि त्यानंतर कोपरं झुकली, बार पुढं निसटला. टाच हलली की वजन जातं, हे मामांना आखाड्यातून ठाऊक. त्यांच्या गावच्या जत्रेत ते गोल दगड उचलायचे. कन्नड गावांतून त्याला गुंडू कल्लू म्हणतात. त्यात पंच एकच विचारायचा, खांद्यावर आला का.

चौघींचं 65 झालं. गुण किलोवर नाही, क्रमांकावर मिळतात. बरोबरी सोडवायला सकाळच्या वर्कआउटची वेळ धरली, त्यात ताई चौथी. अडीच किलोनं तीन जागा गेल्या. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." खेळणाऱ्यांनी सव्वाच्या चकत्यांची एक जोडी पिशवीत टाकून न्यावी आणि ती वापरायची परवानगी सकाळीच काढून ठेवावी. ताईनं आता घेतल्यात.

एकच हीट बघायला वेळ असेल तर शेवटची बघा. सहसा गुणतक्त्यावर वर असलेले शेवटी ठेवतात. बारच्या मागं उभं राहू नका, पोरांना तर अजिबात नको, बार उसळतो. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास येणं टाळा, आणि डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये (बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं भवन) अधिवेशन असलं तर लॉजवर खोली मिळत नाही. सीमाप्रश्नावरून तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या आधी थांबतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्टँडवर फोन करा.

परत येताना कुंदा घेतला, अर्धा किलो. ताईनं निपाणी यायच्या आत तो संपवला आणि मावशीला सांगू नकोस म्हणाली.