मोठ्या पडद्याचा लॅपटॉप: एअर की ग्रॅम?

माझं काम भाषांतराचं. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे मराठी, दोन्ही वाचता येतील एवढा पडदा हवाच. म्हणून १५.३ इंची मॅकबुक एअर आणि १७ इंची एलजी ग्रॅम दोन्ही नीट पारखले.

आश्चर्य वजनाचं. ग्रॅमचा पडदा मोठा, तरी तो साधारण १.३५ किलो आणि एअर १.५१! ग्रॅमचं मॅग्नेशियमचं अंग मात्र दाबलं की किंचित लवतं; एअरचं ॲल्युमिनियम ठणठणीत. एअरला पंखाच नाही, त्यामुळे रात्री घर झोपलेलं असताना काम करणं सुखाचं. पण नेहमीचा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या पडद्याची एचडीएमआय वायर जोडायची तर वेगळा ॲडॉप्टर घ्या! ग्रॅममध्ये दोन्हींसाठी जागा आहे, शिवाय आकड्यांची वेगळी कळपट्टीही. तिच्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, ते मला खटकतं.

एम४ चिपचा हा एअर २०२५ मध्ये भारतात १,२४,९०० रुपयांना आला, साठवण २५६ जीबी. ती दुप्पट करायला तेव्हा आणखी २०,००० लागत. हे मला अजिबात पटत नाही. ग्रॅममध्ये दुसऱ्या एसएसडीची (साठवणीच्या ड्राइव्हची) जागा असते, नंतर स्वस्तात वाढवता येते.

मी ग्रॅम घेतेय. दोन पानं शेजारी शेजारी, अक्षरं बारीक न करता, तिथेच दिसतात.