१२१ पराभवांनंतरची आशा
आज दिवसभर डोक्यात अमेरिकेतला बेसबॉल संघ शिकागो व्हाइट सॉक्सच आहे. २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गेले, त्यात सलग २१ पराभव. १९०० नंतर एका मोसमात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कमजोर संघांना आधी संधी मिळते. मग पुढच्या ड्राफ्टला पहिली निवड त्यांचीच हवी होती ना? मिळाली दहावी! महसूल-वाटपात पैसे भरणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघांना लॉटरीतली (सोडतीने ठरणारी वरची) निवड सलग दोन वर्षं घेता येत नाही, आणि २०२४ ला यांनी पाचवी घेतली होती. मुद्दाम हरण्याला चाप हवाच, पण अख्खा मोसम सोसलेल्या चाहत्याला हे फार लागतं.

खरी आशा ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पिचर (चेंडू फेकणारा) गॅरेट क्रोशे बॉस्टनच्या संघाला देऊन चार तरुण खेळाडू आणले. त्यांतले काइल टील आणि चेस मायड्रॉथ २०२५ मध्येच मुख्य संघात खेळले. टील कॅचर आहे, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा आणि कोणता चेंडू टाकायचा ते खुणेने सांगणारा, हे महत्त्वाचं. नवे पिचर त्याच्याच इशाऱ्यांवर घडणार. त्या मोसमात विजय ४१ वरून ६० झाले. पराभव तरीही १०२. त्या चौघांतला आउटफिल्डर (मैदानात लांब उभा राहणारा क्षेत्ररक्षक) ब्रेडन माँटगोमेरी मात्र २०२५ मध्ये मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, पिकत होता; त्याची घाई केली नाही ते बरंच.