आप्पा नॅशनल नव्हते

बंड्यानं सकाळी फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं. वर्षश्राद्ध गुरुवारी, फ्लेक्स बुधवारी रात्री स्टँडसमोर लागणार. म्हणजे माझं मत विचारायची नुसती रीत, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. आप्पांचा तो राखाडी सफारीतला फोटो, मागं निळं आभाळ, एका कोपऱ्यात समई, दुसऱ्या कोपऱ्यात धावणाऱ्या माणसाची काळी सावली. तीसुद्धा शंभर मीटरवाल्याची. खो-खोत असं छाती काढून सरळ कोण पळतं? आणि नावाखाली ठसठशीत अक्षरांत 'राष्ट्रीय खो-खोपटू'.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीची पार लापशी झाली.

चिडायला झालंय, पण कुणावर ते कळत नाही. कुणी आप्पांना वाईट बोललेलं नाही. उलट मोठंच केलंय. बाप मोठा झाला म्हणून कोण चिडतं?

आप्पा राष्ट्रीय खेळाडू नव्हते. १९७१ साली शिवाजी विद्यापीठाच्या संघात होते, पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले. ब्लेझर मिळाला. संपलं. विद्यापीठाकडून खेळून ब्लेझर मिळवलेल्याला 'कलर' म्हणत. 'मी कलर आहे, नॅशनल न्हवं,' हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. कारखान्यात टाइम ऑफिसला नवीन लागलेल्या पोरांना. बँकेत कर्जाच्या अर्जावर सही करताना. माझ्या साखरपुड्यात, सासऱ्यांनी कौतुकानं चौकशी केली तेव्हा. मामंजींना 'कलर' म्हणजे काय हे आजतागायत कळलेलं नाही, पण आप्पांचं समाधान झालं.

महाराष्ट्राच्या संघासाठी निवड चाचणी दिली होती. त्यात गळाले. 'नऊ जण आत, तीन बाहेर, आणि मी त्या तिघांच्याबी बाहेर,' असं हसत सांगायचे. त्या काळी आपल्याकडं नॅशनल जिंकण्यापेक्षा महाराष्ट्राच्या बारा जणांत बसणं अवघड, हेही वर जोडायचे. ते खरं होतं की स्वतःची समजूत होती, कुणास ठाऊक. नॅशनल कुणाला म्हणायचं याचं माप मात्र त्यांच्याकडं पक्कं होतं. श्रीरंग इनामदार. १९७५ चा अर्जुन पुरस्कार. ते नाव घेताना हातातली कपबशी खाली ठेवायचे. आता बंड्यानं त्यांना त्याच ओळीत नेऊन बसवलंय. आप्पा असते तर उठून उभे राहिले असते.

बंड्याला फोन केला.

"अगं ताई, इंटर युनिव्हर्सिटी म्हणजे नॅशनलच की. दुसऱ्या राज्यातली पोरं यायची न्हवं?"

"नाही रे. शिवाजी विद्यापीठ, एवढंच लिही. वर्ष घाल खाली."

"तेवढं बारीक कोण वाचतंय?"

बरोबर आहे. स्टँडवरून जाणारा माणूस एसटी पकडणार की विद्यापीठाचं नाव वाचणार. तरीपण. जे होते तेवढ्यावर भागत नव्हतं का? दिवसभर हाच एक खडा दाताखाली येतोय. पुरे पडत नव्हते का ते?

मला आठवते ती हनुवटी. डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा, तिथं दाढी उगवायची नाही. खांबापाशी सूर मारला होता. 'गडी सुटला, हनुवटी ऱ्हायली.' तेव्हा मॅट कुठली, मुरमाचं मैदान. दाढी करताना फेस सगळीकडं लावायचे, मग पातं त्या खुणेपाशी आलं की थांबायचं, तिला वळसा घालून पुढं जायचं. मी लहानपणी मोरीच्या उंबऱ्यावर बसून ते बघायची. कापलं तर कौतुक, नाही कापलं तरी कौतुक.

आणि बसणं. खुर्ची असली तरी आप्पा उकिडवेच बसायचे, एक पाय किंचित मागं, टाच उचललेली, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली. खो-खोच्या पाटीत, मैदानाच्या मधल्या रांगेत, बसल्यासारखे. शेजारचा गडी उलट्या बाजूला तोंड करून बसलेला, मागनं खो कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की गुडघ्यावर हात टेकून उठायला वेळ नसतो. ते अंगात इतकं मुरलं होतं की आई म्हणायची, 'ह्यांना हाक मारायला तोंड उघडावं तर हे हुबे.' रिटायर झाल्यावरही जमिनीवरून हात न टेकता उठायचे. लग्नाच्या पंगतीत बाकीचे म्हातारे एकमेकांना हात देऊन उठवत असायचे आणि आप्पा केव्हाच हात धुवायला गेलेले.

शेवटच्या महिन्यात त्यांचे पाय. जाऊ दे, ते आज नको.

खो-खोत एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागं वळता येत नाही. हा नियम आप्पा चेतकवरही पाळायचे. बोळ चुकला तर चुकला, यू टर्न नाही, पुढच्या चौकापर्यंत जाऊन तिथनं वळायचं. आई मागं बसून बोलत राहायची. आमचा दादाही तसाच झालाय, पण त्याची गोष्ट वेगळी.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो त्यांनी घोंगडं पांघरून टीव्हीवर बघितला. मी गावाकडं होते. मॅट, दिवे, रंगीत कपडे, इंग्रजीत ओरडणारा माणूस. महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं तेव्हा म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर? हे काय बास्केटबॉल हाय व्हय?" पुरुषांचं ५४-३६ झालं, तेव्हाही गुणांवरच कुरकुर. 'ड्रीम रन', म्हणजे पळणारे बराच वेळ बाद न होता टिकले की मिळणारे जादा गुण, हे ऐकून तर फारच चिडले. आमच्या वेळी त्याला संरक्षण म्हणायचे आणि त्याचे वेगळे गुण कुणी द्यायचं नाही, पळायचं ते पळायचंच असतं. पण प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही संघांचे कप्तान आपल्याकडचे, हे कळल्यावर रिमोट मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "ह्यास्नी म्हणायचं नॅशनल." मी म्हटलं, "आप्पा, हे इंटरनॅशनल झालं." "तेच ते," म्हणाले.

आता हे असं सगळं असताना त्या फ्लेक्सवर.

खरं लिहायचं तर अर्धी चीड दुसरीच आहे. खाली 'शोकाकुल' म्हणून जी रांग लावलीय त्यात गॉगलवाली दहा-बारा पोरं आहेत. त्यातल्या निम्म्यांना आप्पांनी कधी बघितलंही नसेल. एकाचा फोटो तर आप्पांपेक्षा मोठा वाटतो. माझं नाव नाही. मी 'समस्त परिवार' मध्ये. लेक दिलेल्या घरची, पुण्यात राहणारी, तिला कोण विचारतंय. रात्री दवाखान्यात बसायला होते, तेव्हा नव्हते मी समस्त परिवार. दुपारी जेवण झाल्यावर याच्यावर थोडं रडूनही घेतलं, सिंकचा नळ सोडून.

संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल.

आई हसायला लागली. म्हणाली, तुला ठाऊक न्हाई, हायस्कूलच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून बोलावलं होतं ह्यांना. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरनं माइकवर सांगितलं, राष्ट्रीय खेळाडू. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं बायकांत बसलेली, म्हटलं आता हे उठून सांगणार, मी कलर हाय म्हणून.

"मग?"

"मग काय. नारळ घेतला, शाल घेतली, बसले की गप. घरी येऊस्तवर एक शब्द न्हाई. शाल पेटीत हाय अजून."

मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मला सांगायचे ते चाचणीतून गळाल्याचं. मास्तरांना गप्प राहून दिलं ते बहुधा वेगळं काहीतरी होतं. मी तासभर त्याचाच विचार करत भाजी निवडली. कुणाच्याही टाळ्या नको असणारा बाप मी मनात धरून बसले होते, आणि बाप शाल जपून ठेवत होता. बरं केलं. एक संध्याकाळ नॅशनल झाले तर इनामदारांचं काय कमी झालं?

फ्लेक्सचं आता असू दे. महिन्याभरात वाऱ्यानं फाटेल, नाहीतर काकाच काढून नेऊन कडब्यावर टाकतील. पोरांचे गॉगल पावसात भिजतील.

पण बंड्या आणि मंडळी आप्पांच्या नावानं सामने घेतायत, त्यात मी एक बक्षीस लावणार आहे. पळणारे तिघातिघांच्या तुकडीनं आत येतात, एक तुकडी बाद झाली की पुढची. उत्कृष्ट संरक्षकाचं बक्षीस पहिल्या तुकडीतल्या पळणाऱ्यालाच जातं नेहमी, मोठी वेळ त्यांचीच असते. आप्पा तिसऱ्या तुकडीत असायचे. तिसरी तुकडी आत येते तेव्हा कधी कधी अर्धं मिनिट उरलेलं असतं, कधी तेवढंही नाही, आणि लोक उठून भजी खायला निघालेले असतात. तर बक्षीस तिसऱ्या तुकडीतल्या चांगल्या पळणाऱ्याला.

बंड्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "ताई, असलं बक्षीस कुठं असतंय व्हय? पंच हसतील."

रक्कम किती ते त्यानं विचारलं नाही. मीच सांगितली, १००१. मग लगेच अंगठा आला.