पंख्याला सगळ्यात शेवटी हात लावला

गेल्या वर्षी मासेमारी बंदीच्या काळात, जुलैमध्ये, आमच्या बावीस फुटी फायबर होडीला ४० अश्वशक्तीचं आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन, बसवलं. आम्ही देवबागचे, एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. इंजिन कोरं, पण होडी काही धावेना. पाच माणसं घेऊन पूर्ण रेस दिली तरी मोबाईलच्या जीपीएसवर ताशी २४ किलोमीटरच्या वर आकडा जात नव्हता. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे, मागचं अंग पाण्यात रुतलेलं.

मी पंखा, म्हणजे पाण्यात फिरून होडी ढकलणारा प्रोपेलर, बदलायला निघालोच होतो. काकांनी अडवलं. "आधी वजन खंय आसा ता बघ, मगे पंख्याक हात लाव."

बघितलं तर २४ लिटरची भरलेली टाकी, बॅटरी, जाळी, सगळं मागच्या फळीला टेकून. टाकी मध्यावर आणली, नांगर आणि दोर पुढे नेला. तेवढ्यानेच आकडा २६ वर गेला. खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते, म्हणून प्रत्येक वेळी तोच पट्टा जाताना आणि येताना मोजून सरासरी धरली. इंजिन बंद करायची लाल दोरी मात्र दर फेरीला हाताला बांधलेली. चाचणीत वळणं जोरात घ्यावी लागतात, तिथे हयगय नको.

खरं दुखणं उंचीत निघालं. होडी वाळूवर ओढून तळाला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी धरली आणि ती तशीच मागे इंजिनापर्यंत नेली. पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा जराशी वर हवी. आमची चांगली ४५ मिलीमीटर खाली होती! म्हणजे खालचा गिअरचा भाग उगाच जास्त पाण्यात, आणि त्याला ओढण्यात ताकद जात होती. ज्याने बसवलं त्याने ब्रॅकेटच्या सगळ्यात वरच्या भोकात बोल्ट घालून हात झटकले होते. तीन वाशांची घोडी उभी केली, चेनपुलीने ते सत्तर-पंचाहत्तर किलोचं धूड तोललं आणि दोन भोकं वर घेतलं. भोकाभोकात १९ मिलीमीटर अंतर, म्हणजे ३८ मिलीमीटर. बोल्टांभोवती सीलंट नव्याने भरलं, कारण फळीच्या आतल्या प्लायला पाणी लागलं की ती आतून कुजते.

पाण्यात उतरवल्यावर आधी थंडाव्याच्या पाण्याची धार बघितली. जोरदार, अखंड. करकचून वळण घेतलं तरी पंखा हवा पकडून ओरडला नाही. मग ट्रिमची, म्हणजे इंजिनाचा कल ठरवणारी, पिन एक भोक बाहेर घेतली. दोन भोकं घेतली तेव्हा नाळ टपाटप आपटू लागली, म्हणून परत आणली. आकडा २९.

आता पंखा. प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारा, एका मित्राकडून आणला. पूर्ण रेसला ४५००. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात ४५०० ते ५५०० लिहिलंय, म्हणजे पाच माणसांतच आम्ही त्या आकड्यांच्या खालच्या टोकाला. पर्यटक भरले की इंजिन दबणार. पंखा १३ पिचचा होता, म्हणजे एका फेऱ्यात हिशेबाने १३ इंच पुढे सरकणारा. पिच एक इंचाने उतरवली की साधारण २०० आरपीएम चढतात, या हिशेबाने ११ पिचचा घातला. मीटर ४९०० वर आणि वेग ३१.

बंदी उठल्यावर नऊ जणांना घेऊन खाडीच्या मुखापर्यंत गेलो. लाटेवर चढताना इंजिन कण्हलं नाही. मीटर ४६०० दाखवत होता. काका नाळेवर बसले होते, मागे वळून त्यांनी नुसता हात वर केला.