काचेचा बूट आणि आमच्या आईचं मत
फोंड्यात आज दिवसभर पाऊस. संध्याकाळी पातळभाजी-पाव खात घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘द स्लिपर अँड द रोझ’ पाहिला. १९७६ चा, सिंड्रेलाच्या गोष्टीवरचा संगीतपट. गाणी शर्मन बंधूंची, म्हणजे ‘मेरी पॉपिन्स’वाल्यांची.

भाचीला अर्ध्या तासातच कंटाळा. “मावशी, हे सारखं का गातात गो?” तिला फक्त परी आवडली. ती परी कामाच्या ओझ्याने वैतागलेली आहे, त्यामुळे मलाही आवडली!

आई मात्र खुर्चीच्या टोकाला बसून. जत्रेतली संगीत नाटकं रात्र रात्र पाहिलेली बाई, पद लांबलं म्हणून कुरकुरणार थोडीच? तिचं मत असं, की खरी गोष्ट बूट पायात बसल्यावर सुरू होते. ते खरंच आहे. राजपुत्राने राज्यासाठी दुसऱ्या राजघराण्यात लग्न करायचं, म्हणून सिंड्रेलालाच गुपचूप देशाबाहेर पाठवतात. मूळ गोष्टीत हे कुठे होतं? “सोयरीक म्हटली की घराणं आलंच, तिथेही,” आई पुटपुटली.

भावाला रिचर्ड चेंबरलेन राजपुत्र म्हणून थोराड वाटला. तेव्हा तो चाळिशीचा होता, वाटणारच. मला लांबी खटकली. दोन तासांच्या वर बराच जातो आणि मधली दोन गाणी सहज कापता आली असती.

शेवटच्या लग्नाच्या ऐन वेळी वीज गेली. काळोखात आई म्हणाली, “आता परीलाच बोलाव.”